जगातला पहिला संप कुठे झाला होता?

लिखित पुरावा असलेला सगळ्यात जुना संप इजिप्तमधला, इ.स.पू. ११५५ च्या आसपासचा, म्हणजे फॅरो तिसऱ्या रामसेसच्या राजवटीचं २९ वं वर्ष चालू होतं तेव्हाचा.

आता संप केला कोणी तर राजांच्या कबरी खोदणाऱ्या आणि रंगवणाऱ्या कारागिरांनी. हे लोक गुलाम वगैरे नव्हते बरं का, पिक्चरमध्ये चाबूक दाखवतात तसं काही नाही, देर अल मदिना नावाच्या सरकारी वसाहतीत बायकापोरांसकट राहायचे आणि पगार धान्यात मिळायचा, भाकरीसाठी गहू आणि बिअरसाठी जव, वर मासे, भाजी, तेल. तो पगारच थकला. मग एक दिवस सगळे हत्यारं खाली ठेवून "आम्ही उपाशी आहोत, महिन्याचे १८ दिवस झाले" असं म्हणत निघाले आणि जवळच्या एका देवळामागे जाऊन बसले, सरळ ठिय्या! अधिकारी येऊन समजूत काढत राहिले, पण हे पुढच्या दिवसांत पार रामसेसियमच्या मंदिरापर्यंत गेले आणि सांगितलं की अंगावर कपडा नाही, तेल नाही, मासे नाहीत, फॅरोला कळवा. शेवटी आधीच्या महिन्याचं थकलेलं धान्य मिळालं.

पण पुढेही पगार लटकतच राहिले आणि परत परत काम बंद पडलं. हे सगळं तिथल्याच कारकुनाने पपायरसवर तारीखवार लिहून ठेवलंय, तो पपायरस आज इटलीत तुरिनच्या म्युझियममध्ये आहे.