केप हॉर्नचा वळसा की पनामाचा कालवा?

प्रश्न : स. न. वि. वि. मी पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेला स्थापत्य अभियंता असून माझे वय ६४ आहे. पत्नी ६१ वर्षांची असून तिने अनेक वर्षे शाळेत भूगोल शिकवला. येत्या फेब्रुवारीत एक मोठी समुद्रसफर करण्याचे आम्ही ठरवले आहे आणि आमच्या एजंटाने दोन कार्यक्रम पुढे ठेवले आहेत. पहिला १४ रात्रींचा आहे : ब्युनॉस आयर्सहून निघून मॉन्टेव्हिडिओ, पुएर्तो माद्रिन, फॉकलंड बेटांवरील स्टॅन्ली, केप हॉर्न, उशुआया, पुंता आरेनास, चिलीच्या खाड्या आणि पुएर्तो माँत करीत चिलीतील सान अँतोनियो येथे समाप्ती. दुसरा १५ रात्रींचा : अमेरिकेतील फोर्ट लॉडरडेलहून कोलंबियातील कार्टाहेना, तेथून पनामा कालवा पूर्ण ओलांडून कोस्टारिका, ग्वाटेमाला आणि मेक्सिकोची बंदरे घेत लॉस एंजेलिस. आमचा मुलगा कॅलिफोर्नियात असतो आणि आमच्याकडे अमेरिकेचा व्हिसा आहे, त्यामुळे दुसरी सहल सोयीची आहे. शिवाय लॉकमधून, म्हणजे पाणी भरून जहाज उचलणाऱ्या दारांच्या हौदातून, जहाज वर चढताना पाहण्याची माझी जुनी इच्छा आहे. पत्नीचा ओढा मात्र दक्षिण टोकाकडे आहे. तिला गेटवे ते मांडवा लाँचमध्येसुद्धा मळमळते आणि माझा एक गुडघा दुखरा आहे. क्रूझच्या भाड्यात फारसा फरक नाही. कोणता कार्यक्रम निवडावा, आणि बाल्कनीच्या केबिनसाठी जास्तीचे पैसे मोजावेत का, हे कृपया कळवावे.
– एक वाचक, नाशिक

उत्तर : आपल्यापुढचे हे दोन मार्ग एकमेकांचे जुने प्रतिस्पर्धी आहेत. १५ ऑगस्ट १९१४ रोजी पनामा कालवा खुला होईपर्यंत न्यूयॉर्कहून सॅन फ्रान्सिस्कोला माल नेणाऱ्या जहाजाला संपूर्ण दक्षिण अमेरिकेला वळसा घालून केप हॉर्नवरून किंवा जवळच्या मॅगेलनच्या सामुद्रधुनीतून जावे लागे. कालव्यामुळे या प्रवासातले बारा-तेरा हजार किलोमीटर वाचले आणि हॉर्नच्या वाटेवरची व्यापारी वर्दळ ओसरली. आज त्या वाटेने प्रवासी जहाजे जातात ती केवळ पाहण्यासाठी. आमच्या मते आपण फेब्रुवारीत हॉर्नचा मार्ग निवडावा आणि कालवा पुढे ढकलावा. आपला व्यवसाय पाहता हे मत आपल्याला थोडे जाचेल, म्हणून त्याची कारणे सविस्तर देत आहोत.

सहलींची तुलना करताना बहुतेक लोक बंदरे मोजतात. लांबच्या क्रूझला ही मोजणी फसवी ठरते, कारण निम्म्याहून अधिक वेळ जहाजावरच जातो आणि त्या वेळात डेकवरून काय दिसते यावर सहलीची गोडी ठरते. कालव्याच्या सहलीत डेकवर खिळवून ठेवणारा दिवस मुख्यतः एकच असतो. तो दिवस अप्रतिम असतो, यात शंका नाही. पहाटे जहाज कॅरिबियन बाजूने गातून लॉकपाशी येते, तीन टप्प्यांत समुद्रसपाटीपासून सुमारे २६ मीटर वर चढते, गातून तलाव आणि कुलेब्रा येथील डोंगर फोडून केलेली खोदाई पार करते आणि पेद्रो मिगेलला एक व मिराफ्लोरेसला दोन अशा पायऱ्या उतरून पॅसिफिकमध्ये शिरते. सुमारे ८० किलोमीटरच्या या प्रवासाला आठ ते दहा तास लागतात. त्यानंतर मात्र लॉस एंजेलिसपर्यंतचा आठवडाभराहून अधिक काळ म्हणजे उघडा समुद्र आणि मधूनमधून उष्ण किनाऱ्यावरची बंदरे. त्यांत कार्टाहेनाची तटबंदीची जुनी वस्ती खरोखर पाहण्यासारखी आहे, पण ती कालव्याच्या आधीच होऊन जाते. मेक्सिकोची बंदरे तर मुलाकडे गेल्यावर आठवडाभराच्या लहान क्रूझनेही पाहता येतील.

हॉर्नच्या सहलीत असे दिवस चार-पाच तरी मिळतात. ५६ अक्षांशाच्या जवळ असलेले हॉर्नचे सुमारे सव्वाचारशे मीटर उंचीचे काळे टोक, बीगल खाडीतली हिमनद्यांची ओळ, मॅगेलनची सामुद्रधुनी आणि मग चिलीच्या अरुंद खाड्या, ही सारी स्थळे जहाजाच्या वाटेवरच आहेत. ती पाहायला उतरावे लागत नाही, आणि दुखऱ्या गुडघ्याच्या दृष्टीने हे लहानसहान सुख नाही. शिवाय हा मुलूख एरवी पाहायचा तर विमाने, बस आणि लहान बोटी यांची बरीच जुळवाजुळव करावी लागते. उलट कालवा पनामा शहरातून एका दिवसातही पाहता येतो. मिराफ्लोरेसला प्रेक्षकांसाठी सज्जे आहेत आणि लहान बोटींतून लॉक ओलांडण्याच्या सहलीही निघतात.

सर्वांत मोठे कारण आपल्या वयाचे आणि मुलाच्या पत्त्याचे आहे. मुलगा कॅलिफोर्नियात आहे म्हणजे आपले तिकडे जाणे होतच राहणार. कॅरिबियनमध्ये हिवाळा काढलेली अनेक जहाजे दर वर्षी एप्रिल-मेच्या सुमारास कालव्यातून अलास्काकडे निघतात आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये परततात. त्या वेळी पूर्ण कालव्याच्या सफरी सहज मिळतात आणि त्या कॅलिफोर्नियाच्या भेटीला जोडता येतात. हॉर्नचा हंगाम मात्र साधारण नोव्हेंबर ते मार्च एवढाच असतो, आणि तो मार्ग आपल्या कोणत्याही नेहमीच्या वाटेवर नाही. सत्तरीनंतर प्रवासविम्याच्या अटी कडक होत जातात आणि गुडघाही सुधारत नाही. जे अवघड आहे ते आधी करावे, हा हिशेब येथे सरळ लागू पडतो.

आता आपल्या पत्नींच्या मळमळीविषयी. मांडव्याच्या लाँचवरून मोठ्या जहाजाचा अंदाज बांधू नये, कारण लहान होडी प्रत्येक लाटेबरोबर झटक्याने हलते, तर स्थिरक बसवलेले मोठे जहाज संथपणे डुलते. तरीही हॉर्नच्या आसपासचा समुद्र शांत असेल, असे आश्वासन कोणीही देऊ शकत नाही. पुएर्तो माद्रिन सोडल्यापासून स्टॅन्लीमार्गे हॉर्नपर्यंतचा टप्पा उघड्या समुद्रातला आहे. पुढे बीगल खाडीत आणि खाड्यांच्या आत पाणी बहुधा तळ्यासारखे असते, पण उत्तरेकडे जाताना गोल्फो दे पेनास या आखाताशी जहाज काही तासांसाठी बाहेर येते आणि तेथे पुन्हा डुलते. म्हणजे त्रासाचे दिवस पंधरवड्यातले तीन-चार. केबिन जहाजाच्या मध्यभागी आणि शक्य तितक्या खालच्या मजल्यावर घ्यावी, आणि मळमळीची गोळी डॉक्टरांच्या सल्ल्याने, समुद्र खवळण्याच्या आधी घ्यावी. मळमळ सुरू झाल्यावर घेतलेल्या गोळीचा उपयोग कमी होतो. मांडव्याच्या फेरीत त्यांना नुसती मळमळ न होता दिवसभर अंथरुण धरावे लागत असेल, तर मात्र आमचा सल्ला बदलतो आणि कालव्याची सहल घ्यावी.

गुडघ्याच्या बाबतीत दोन ठिकाणी सावध राहावे. स्टॅन्ली आणि पुएर्तो माँत येथे मोठी जहाजे धक्क्याला न लागता नांगर टाकतात आणि प्रवाशांना लहान बोटीने किनाऱ्यावर नेतात. हलत्या बोटीत पाऊल टाकताना खलाशी हात देतात, तरी गुडघ्याला हिसका बसू शकतो. स्टॅन्लीला वारा वाढला की उतरणेच रद्द होते आणि असे पुष्कळदा घडते. बंदर वगळण्याचा अधिकार कप्तानाला असतो व प्रवाशाला सहसा त्या बंदराचे शुल्क तेवढे परत मिळते, म्हणून फॉकलंडसाठीच ही सहल घेत आहोत, अशी मनाची धारणा ठेवू नये. पेंग्विन पाहण्यासाठी पुएर्तो माद्रिनहून पुंता तोंबोला जाता येते. मॅगेलॅनिक पेंग्विनांच्या जगातल्या सर्वांत मोठ्या वसाहतींपैकी ती एक आहे आणि फेब्रुवारीत तेथे पक्षी असतात. मात्र अंतर एका बाजूने पावणेदोनशे किलोमीटरच्या आसपास आहे. आठ-नऊ तासांचा हा दिवस बसमध्ये पाय आखडून काढायचा की नाही, हे आपण ठरवावे.

कागदपत्रांच्या बाबतीत कालव्याची सहल निःसंशय सोपी आहे. वैध अमेरिकी व्हिसा असलेल्या भारतीय प्रवाशाला मेक्सिकोचा वेगळा व्हिसा लागत नाही. हॉर्नच्या मार्गावर मात्र आपले जहाज अर्जेंटिनातून उरुग्वेत, पुन्हा अर्जेंटिनात, मग ब्रिटिश सत्तेखालील फॉकलंडला, तेथून परत अर्जेंटिनातील उशुआयाला आणि शेवटी चिलीत जाते. अर्जेंटिनाचा व्हिसा लागलाच, तर प्रवेश एकदाच देणारा परवाना येथे अपुरा पडेल. अनेक प्रवेशांचाच हवा. कोणत्या देशासाठी व्हिसा लागेल आणि जहाजावरून काही तासांसाठी उतरणाऱ्यांना कोठे सूट आहे, हे एजंटाच्या तोंडी शब्दावर न सोडता क्रूझ कंपनीकडून लेखी मागवावे व दूतावासाकडून पडताळून घ्यावे. अर्जेंटिनाची वाणिज्य वकिलात मुंबईत आहे. फेब्रुवारीच्या प्रवासासाठी हे काम ऑक्टोबरमध्येच हाती घ्यावे.

आणखी एक गोष्ट एजंट बहुधा सांगत नाहीत. पीतज्वराचा (यलो फीव्हरचा) धोका असलेल्या देशांच्या भारताच्या यादीत अर्जेंटिना, ब्राझील, कोलंबिया आणि पनामा हे चारही देश आहेत. असा देश सोडल्यापासून सहा दिवसांच्या आत भारतात उतरणाऱ्या प्रवाशाकडे लसीकरणाचे प्रमाणपत्र नसेल, तर त्याला विलगीकरणात ठेवले जाऊ शकते. कालव्याच्या सहलीत पनामानंतर लॉस एंजेलिसपर्यंतच सहाहून अधिक दिवस उलटतात, त्यामुळे हा प्रश्न उरत नाही. तीच सहल उलट दिशेने घेतली तर उरतो. हॉर्नच्या सहलीत उशुआया सोडल्यापासून सान अँतोनियोला पोहोचेपर्यंत जेमतेम सहा दिवस होतात, आणि परतीचे विमान ब्राझीलमधील साओ पावलोमार्गे असेल व तेथे विमानतळाबाहेर पडले तर मोजणी नव्याने सुरू होते. ही लस जिवंत विषाणूची असून साठीनंतर पहिल्यांदा घेताना दुष्परिणामांची शक्यता वाढते, म्हणून आधी आपल्या डॉक्टरांशी बोलावे. त्यांनी होकार दिला तर सरकारमान्य केंद्रात प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी लस घ्यावी. प्रमाणपत्र आता आयुष्यभर चालते. नकार दिला तर सहल संपल्यावर दोन-तीन दिवस वाल्पाराइसो आणि सान्तियागोत राहावे, कारण चिली त्या यादीत नाही, आणि परतीचे तिकीट युरोपमार्गे काढावे. वाल्पाराइसोच्या टेकड्यांवर चढणाऱ्या, दोराने ओढल्या जाणाऱ्या जुन्या रेल्वे आपल्यातल्या अभियंत्याला नक्की रमवतील.

विमानभाडे ही खर्चाची खरी तफावत आहे. मुंबईहून ब्युनॉस आयर्सला थेट विमान नाही. आखात, आफ्रिका किंवा युरोपमार्गे जावे लागते आणि एक दिवसाहून अधिक वेळ सहज जातो. जाण्याचे एका शहराचे व परतीचे दुसऱ्या शहराचे असे तिकीट एकत्र काढावे. दोन स्वतंत्र एकेरी तिकिटे बहुधा महाग पडतात. जहाज सुटण्याच्या दिवशीच ब्युनॉस आयर्सला पोहोचण्याचा धोका पत्करू नये, दोन रात्री आधी पोहोचावे. विमा घेताना रक्तदाब, मधुमेह असे पूर्वीचे आजार त्यात धरले आहेत का, आणि समुद्रातून किंवा दुर्गम बंदरातून रुग्णाला हलवण्याचा खर्च किती मर्यादेपर्यंत मिळेल, हे वाचूनच सही करावी. शाकाहारी असल्यास तसे आरक्षणाच्या वेळीच कळवावे. जहाजावर अडचण येत नाही. अर्जेंटिनाच्या बंदरांवर मात्र मांसाहारच मुख्य आहे.

बाल्कनीचे पैसे हॉर्नच्या सहलीत वसूल होतात, कालव्याच्या सहलीत तितके नाहीत, कारण लॉकचा दिवस पुढच्या उघड्या डेकवरच उभे राहून पाहायचा असतो. आपल्या दिशेने जाताना बाल्कनी जहाजाच्या उजव्या बाजूची मागावी. बीगल खाडीच्या वायव्य फाट्यातून पश्चिमेकडे जाताना दार्विन पर्वतरांगेवरून उतरणाऱ्या हिमनद्या उजवीकडे असतात आणि पुढे उत्तरेला वळल्यावर मुख्य भूमीही उजवीकडेच राहते. आरक्षणापूर्वी उशुआयाहून जहाज किती वाजता सुटते, हे अवश्य पाहावे. हिमनद्यांची ओळ तेथून चार-पाच तासांवर आहे आणि फेब्रुवारीत सूर्य रात्री नऊच्या आसपास मावळतो. त्यामुळे दुपारी दोन-तीनला निघणारे जहाज हिमनद्या उजेडात दाखवील, तर संध्याकाळी सात-आठला निघणारे जहाज काळोखातून नेईल. त्याच मार्गावर दोन कंपन्यांची जहाजे असतील तर भाड्याआधी ही वेळ ताडून पाहावी.

पुढे कधी कालव्याची सहल घ्याल तेव्हा जहाज कोणत्या लॉकमधून जाणार, हे विचारून घ्यावे. १९१४ च्या जुन्या लॉकची रुंदी ३३.५ मीटर असल्याने त्यांत मावणारी मोठी जहाजे दोन्ही भिंतींना जेमतेम अर्धा-पाऊण मीटर जागा सोडून सरकतात, पंपाशिवाय केवळ उताराने पाणी भरते आणि सुमारे दोन मीटर जाडीची दुपाखी दारे मिटताना दिसतात. २०१६ पासून सुरू झालेल्या रुंद लॉकमध्ये दारे बाजूला सरकणारी आहेत आणि बाजूच्या टाक्यांमुळे साठ टक्के पाणी पुन्हा वापरले जाते. जुन्या लॉकमधून एक जहाज पार करायला सुमारे वीस कोटी लिटर गोडे पाणी समुद्रात सोडावे लागते. २०२३ च्या दुष्काळात गातून तलाव आटू लागला तेव्हा जहाजांची रोजची संख्याच कमी करावी लागली होती, कारण पनामा शहर आणि कोलोन यांचे पिण्याचे पाणीही याच तलावाच्या पाणलोट क्षेत्रातून येते. जहाजाला किती पाणी आणि शहराला किती, हा तेथल्या अधिकाऱ्यांपुढचा पेच पाटबंधारे खात्यात आयुष्य काढलेल्या माणसाला परका वाटणार नाही. मोठी नवी प्रवासी जहाजे रुंद लॉकमधून जातात, म्हणून जुनी दारे पाहायची असतील तर मध्यम आकाराचे जहाज निवडावे.