सव्वादोन वर्षांचा झाला, अजून बोलत नाहीये

प्रश्न : ताई, माझा मुलगा सव्वादोन वर्षांचा आहे. आई, बाबा, नाही आणि भूभू, बस एवढंच बोलतो. काही हवं असलं की माझा हात धरून ओढत फ्रिजपाशी नेतो. सासूबाई म्हणतात मुलगे उशिराच बोलतात, त्याचे बाबापण तीन वर्षांनी बोलले, आणि रोज सहाणेवर वेखंड उगाळून त्याच्या जिभेला लावतात. जेवताना मोबाईल लागतोच. थांबू की कुणाला दाखवू? (नाशिक)

उत्तर : दाखवा. आणि थांबायचंही आहे, पण ते वेगळ्या अर्थाने, त्याकडे येतेच.

आधी सासूबाईंचं. मुलगे मुलींपेक्षा थोडे मागे असतात हे खरंय, पण थोडे म्हणजे महिना-दोन महिने, वर्ष नाही. साधारण दोन वर्षाला पन्नासच्या आसपास शब्द आणि 'बाबा गेला', 'दुदू दे' अशी दोन शब्दांची जोडी यायला लागते. तुमच्या लेकाकडे चार शब्द आहेत. अशी उशिरा बोलणारी बरीच मुलं पुढे आपोआप गाडी पकडतात हेही खरं, फक्त आपलं मूल त्यातलं आहे का हे घरबसल्या कुणालाच सांगता येत नाही, मला पण नाही. आणि वेखंड जिभेवर लावून शब्द येत नाहीत हो. सासूबाईंना दुखवू नका, त्यांना मी खाली दुसरं काम दिलंय.

पहिलं काम म्हणजे कान तपासून घ्या. यावर नव्वद टक्के आयांचं उत्तर ठरलेलं, अहो ऐकू येतं की, कुकरची शिट्टी झाली की दचकतो, टीव्हीवर जाहिरात लागली की धावत येतो. पण कमी ऐकू येणं म्हणजे काहीच ऐकू न येणं नाही. शिट्टी, भांडं, दार ऐकू येतं आणि स, श, फ असले बारीक आवाज निसटतात असं होऊ शकतं, सारखी सर्दी असणाऱ्या मुलांच्या पडद्यामागे पाणी साठलं की तर ऐकणं कधी बरं कधी कमी असं होत राहतं. ओएई आणि बेरा अशा दोन तपासण्या असतात, दुखत नाहीत, बेरा मूल झोपलेलं असताना करतात. खाजगीत परवडत नसेल तर जिल्हा रुग्णालयात चौकशी करा, राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात (2013 पासून आहे हा) अशा मुलांसाठी डीईआयसी नावाची केंद्रं काढलीत. मुंबईत जाणं-येणं असेल तर वांद्रे रेक्लेमेशनला अली यावर जंग संस्था याच कामासाठी आहे.

आता तो फ्रिज. हात धरून ओढतो तेव्हा मध्येच वळून तुमच्या तोंडाकडे बघतो का? बोटाने दाखवतो का, ते बघ विमान म्हणून? नावाने हाक मारली की वळतो का, 'चप्पल आण' म्हटलं की आणतो का, खोटा खोटा चहा पितो का? हे सगळं असेल तर मला जरा हायसं वाटेल. यातलं बरंचसं नसेल किंवा आधी येणारे शब्द आता बंद झाले असतील तर हे पत्र छापून यायचीसुद्धा वाट बघायला नको होती, बालरोगतज्ज्ञांकडे लगेच जा.

आणि घरी काय करायचं, तर कमी विचारा. माझ्याकडे येणारे आईबाबा खुर्चीत टेकायच्या आत सुरू होतात, सोनू सांग हे काय, कलर कुठला, काऊ कसा करतो, सांग ना मॅडमला! सोनू टेबलाखाली. हे बोलणं शिकवणं नाही, तोंडी परीक्षा झाली. त्यापेक्षा मटार सोलायला बसा. त्याच्या हातात एक शेंग द्या, तुम्ही एक फोडा, 'टक! उघडली. मटार पडला. अजून एक पडला.' एवढंच बोला, छोटं बोला, आणि मग गप्प बसा. हेच ते थांबणं. मनात दहापर्यंत मोजा, त्याच्याकडे बघत. आपल्याला दहा आकडे फार लांब वाटतात, तीनवरच आपण त्याच्या वतीने बोलून मोकळे होतो. त्याने नुसतं 'ता' केलं तरी ती त्याची पाळी झाली, 'हो, टक!' म्हणून तुमची पाळी. तो 'बाबा' म्हणाला दाराकडे बघून, की तुम्ही 'बाबा गेला', उद्या तो 'बाबा गेला' म्हणाला की 'बाबा ऑफिसला गेला'. एक शब्द वाढवून परत द्यायचा, चूक काढायची नाही, 'नीट म्हण' तर अजिबातच नाही.

फ्रिजपाशी नेलं की लगेच दही काढून देऊ नका. दोन गोष्टी हातात धरा, 'दही? की केळं?' आणि परत ते दहा आकडे. बोट दाखवलं तरी द्या हां, उपाशी ठेवून शब्द काढायचा नाहीये.

मोबाईलचं तुम्हाला माहितीच आहे. दोन वर्षाच्या आत स्क्रीन नको, नंतर पाच वर्षांपर्यंत तासाच्या आत आणि सोबत कुणीतरी मोठं, असं आपल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचंच म्हणणं आहे. माझी तक्रार अजून साधी आहे, जेवण म्हणजे दिवसातून तीन-चार वेळा समोरासमोर बसायची हक्काची वेळ आणि तीच आपण मोबाईलला देऊन टाकतो. पहिले चार दिवस तमाशा होईल, दोन घास कमी जातील. जेवण भरवायचं काम सासूबाईंना द्या, घासागणिक चिऊकाऊ त्यांच्याइतकं कुणाला जमणार.

प्रश्न : आम्ही बंगळुरूला असतो. मी मराठी, नवरा कन्नड, मुलगी तीन वर्षांची, 'मला वॉटर बेकु' असं काहीतरी बोलते. प्लेस्कूलच्या मिस म्हणाल्या घरी फक्त इंग्लिश बोला, ती कन्फ्यूज होतेय.

उत्तर : कन्फ्यूज मिस झाल्यात. तीन भाषांतून एक वाक्य जुळवलंय पोरीने आणि ते बरोबर पाणीच मागतंय! दोन-तीन भाषांमुळे बोलणं उशिरा येत नाही. शब्द मोजायचे तर तिन्ही भाषांचे मिळून मोजा. तुम्ही तिच्याशी मराठीतच बोला, कारण रागावणं, लाड, गोष्ट, भांडण सगळं तुम्हाला मराठीत सहज येतं, ओढूनताणून इंग्लिश बोलणारी आई दिवसभरात कमी बोलते हे मी खूप घरांत बघितलंय. ती 'वॉटर' म्हणाली की 'हो, पाणी हवंय ना, घे' एवढं पुरे.

प्रश्न : मुलगी साडेचार वर्षांची, 'राम'ला 'लाम' म्हणते. आणि भावाचं ऐकून 'मी जातो' म्हणते. (सांगली)

उत्तर : र सगळ्यात उशिरा येणाऱ्यांपैकी आहे, सहा वर्षांपर्यंत वाट बघायला हरकत नाही. 'काका'ला 'ताता' म्हणत असती तर या वयात दाखवा म्हटलं असतं. आणि 'मी जातो'चं काय घेऊन बसलात, शेजारच्या कोल्हापुरात बायका सर्रास 'मी आलो' म्हणतात.

प्रश्न : साडेतीन वर्षांचा नातू महिनाभरापासून 'म म म मला' करतो. हळू बोल, श्वास घे सांगते, तर जास्तच अडकतो.

उत्तर : ते सांगणं आधी बंद करा आजी. या वयात वाक्यं मोठी होतात आणि बऱ्याच मुलांचं बोलणं असं अडखळतं, पुष्कळांचं आपोआप जातं. तुम्हीच जरा सावकाश बोला, त्याचं वाक्य त्यालाच पुरं करू द्या. सहा महिन्यांनंतरही राहिलं, बोलताना डोळे मिटणं, मान झटकणं सुरू झालं किंवा घरात आणखी कुणी अडखळत बोलतं, तर स्पीच थेरपिस्टकडे न्या.

प्रश्न : नात न्यू जर्सीला, दोन वर्षांची. व्हिडिओ कॉलवर दोन मिनिटं टिकत नाही, मी 'आजी म्हण, आजी म्हण' करते. (पुणे)

उत्तर : मीपण पळाले असते. कॉलवर परीक्षा नको, खेळ हवा. सुनेला सांगून तिच्यासमोर वाटी-चमचा ठेवायला लावा, तुमच्यासमोरही ठेवा, तुम्ही वाजवा, मग थांबा, ती वाजवेल. तिच्याशेजारी कुणीतरी मोठं बसलेलं हवं, तिने काय केलं ते तुम्हाला दाखवायला. पाच मिनिटं झाली तरी भरपूर. आणि वेळ तिची बघा, तिकडे सकाळी आठला नाश्त्याला बसते तेव्हा आपल्याकडे उन्हाळ्यात साडेपाच, थंडीत साडेसहा वाजलेले असतात संध्याकाळचे, तुमच्या मालिकेच्या आधी होऊन जाईल.