वाचकांचे प्रश्न : या वेळी घरी बाळंत व्हावं म्हणते

प्रश्न : ताई, मला ३२ वा आठवडा चालू आहे. पहिल्या बाळंतपणात मी फार घाबरले होते. पलंगाची दांडी धरून ओरडत होते आणि ‘आता ओरडून काय उपयोग’ असं मला ऐकवलं गेलं. ते अजून कानात आहे. या वेळी हिप्नोबर्थिंग, म्हणजे संमोहनाच्या पद्धतीने अंग सैल सोडून कळा सोसणं, शिकून घरीच बाळंत व्हावं असं वाटतं. तुमचं दुसरं बाळंतपण तसं झालं, असं तुम्ही मागे लिहिलं होतं. खरंच दुखत नाही का? संमोहनात भान हरपतं का? आई म्हणते, हे नसतं धाडस आहे.

उत्तर : दुखतं. हे आधीच सांगते, कारण ‘दुखणारच नाही’ असं कुणी सांगितलं आणि मग दुखलं, तर बाई स्वतःलाच दोष देत बसते. माझ्या कळा खऱ्या होत्या. फक्त पहिल्या वेळी मी प्रत्येक कळेच्या आधीच घाबरून अंग आवळून घेत होते, ते दुसऱ्या वेळी झालं नाही.

१९३० च्या दशकात ग्रँटली डिक-रीड या ब्रिटिश प्रसूतितज्ज्ञाने हे मांडलं होतं : भीतीने अंग ताठरतं, ताठरलं की जास्त दुखतं, दुखलं की भीती वाढते. कळा येतात त्या ऑक्सिटोसिनमुळे, आणि घाबरल्यावर सुटणारं अ‍ॅड्रेनॅलिन त्याच्या आड येतं. हिप्नोबर्थिंग म्हणजे हे चक्र सुरू होण्याआधीच अंग सैल सोडायची सवय. सवयच, कारण ऐन वेळी ती आठवून करता येत नाही. मी २८ व्या आठवड्यापासून रोज रात्री २० मिनिटं सराव केला. नवरा मोजायचा : चार आकड्यांत श्वास आत, आठ आकड्यांत बाहेर. मी विणकाम करते, म्हणून लोकरीचा गुंता एकेक धागा सुटतोय असं डोळ्यांपुढे आणायचे. वर्गात कळेला ‘लाट’ म्हणायला शिकवलं होतं. मी शेवटपर्यंत कळच म्हणत राहिले आणि काही बिघडलं नाही.

रात्री दोनला जाग आली. खोलीत एकच मंद दिवा होता. मी जमिनीवर गुडघे टेकून उशीवर डोकं ठेवलं होतं आणि दोन कळांच्या मध्ये चक्क डुलकी लागत होती. भान कुठेही गेलं नाही. नळाचं थेंबथेंब पाणी, शेजारच्या खोलीत कूस बदलणारी थोरली, सगळं ऐकू येत होतं. चार वाजता सुईण आली. प्रशिक्षित, नोंदणीकृत. दर १५ मिनिटांनी ती बाळाचे ठोके ऐकायची, लिहून ठेवायची आणि पुन्हा कोपऱ्यात जाऊन बसायची. तिच्या त्या गप्प बसण्याने मला किती धीर दिला, ते सांगता येणार नाही.

आठच्या सुमाराला पाय थरथरायला लागले, मळमळलं. ‘नाही जमणार मला,’ मी दोनदा म्हणाले. मोजता मोजता नवऱ्याचाही आवाज कापला. सुईणीने कमरेवर हात ठेवला आणि म्हणाली, ‘जबडा सैल सोड.’ एवढंच. नऊला दहा कमी असताना धाकटी माझ्या छातीवर होती, ओली, गरम, डोळे टक्क उघडे. मी रडत होते. पहिल्या वेळीही रडले होते, पण ते वेगळं होतं. वार पडायला मात्र वेळ लागला आणि इंजेक्शन घ्यावं लागलं. ते सुईणीच्या पिशवीत तयार होतं, म्हणून निभावलं.

आता आईंच्या काळजीबद्दल. ती मुळीच वेडी नाही. इंग्लंडमध्ये २०११ साली कमी जोखमीच्या ६४ हजारांहून जास्त बाळंतपणांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. दुसऱ्या किंवा नंतरच्या खेपेला घरी बाळंत होणाऱ्यांच्या बाळांना दवाखान्यापेक्षा जास्त धोका दिसला नाही, पहिलटकरणींच्या बाळांना मात्र दिसला. ठरवलं घरी, पण दवाखान्यात न्यावं लागलं, अशा पहिलटकरणी शंभरात ४५ होत्या, बाकीच्या १२. आणि तिथे प्रशिक्षित सुईणी होत्या, मागे दवाखान्याची व्यवस्था होती. ती नसेल तर हे आकडे तुमच्या कामाचे नाहीत. पहिल्या वेळी सिझेरियन किंवा जास्त रक्तस्राव झाला असेल, रक्तदाब वाढत असेल, बाळ पायाळू असेल, तर घरचा विचार सोडा. पहिलं बाळंतपण कसं पार पडलं ते तुम्ही लिहिलेलं नाही. तुमच्या डॉक्टरांशी आणि सुईणीशी आधी तेच बोला, आईंना सोबत न्या, आणि दवाखान्यात पोहोचायला किती मिनिटं लागतात ते त्यांच्यासमोर विचारा.

सरावासाठी मात्र घर की दवाखाना हे ठरायची वाट बघू नका. श्वास दोन्हीकडे तोच लागतो. आज रात्री दिवा मंद करून नवऱ्याला मोजायला सांगा. आधी जबडा सुटतो का बघा, खांदे नंतर.