वनौषधींची तपासणी आणि नीटचा तिसरा प्रयत्न

गोव्यातील सत्तरी तालुक्यातल्या एका वडिलांचे पत्र: “मुलीला नीटमध्ये दोनदा पुरेसे गुण मिळाले नाहीत आणि तिसऱ्यांदा बसायला ती तयार नाही. आजी आवेवर कुड्याच्या सालीचा काढा देते. त्याने जंतू खरोखर मरतात का आणि तो विषारी आहे का, हे तपासायला शिकायचे, असे मुलगी म्हणते. गावठी औषध नैसर्गिकच असते, त्यात विष कसले? नातेवाईक हसतील. तिची झाडांची वही मी कपाटात बंद केली आहे. तिला समजवा.”

महोदय,

आपल्या मुलीच्या गुणांपेक्षा मला त्या वहीची काळजी अधिक वाटते. घरातील उपचाराविषयी ‘हा खरोखर लागू पडतो का’ आणि ‘याने अपाय तर होत नाही ना’ हे दोन्ही प्रश्न एकदमच विचारणारी मुलगी संशोधकाच्या वृत्तीने विचार करते आहे, आणि आपण तिच्या विचारालाच कुलूप लावले आहे. सलग दोन अपयशे तिने कशी सोसली, याबद्दल पत्रात एक शब्दही नाही. नातेवाईकांच्या हसण्याची नोंद मात्र आहे. तिसरा प्रयत्न ही आपली इच्छा आहे, तिची नव्हे, आणि त्यासाठी मी तिला समजावणार नाही. वही आजच तिच्या हाती द्या.

नैसर्गिक म्हणजे निर्धोक, ही समजूत मात्र दूर करायला हवी. गुंजेच्या बीत अॅब्रिन नावाचे प्राणघातक विष असते. पश्चिम घाटातील नरक्या नावाच्या झाडापासून मिळणारे कॅम्पटोथेसिन कर्करोगावरील औषधांचा आधार ठरले, कारण ते पेशी मारते; ते निरोगी पेशींनाही सोडत नाही. बेल्जियममध्ये १९९०च्या दशकाच्या सुरुवातीस वजन घटवण्याच्या वनौषधींमध्ये अॅरिस्टोलोकिया ही विषारी वनस्पती गेल्याने अनेक स्त्रियांची मूत्रपिंडे निकामी झाली. म्हणून प्रयोगशाळेत जंतूंच्या थाळीवर अर्काभोवती जंतू न वाढलेले स्वच्छ वर्तुळ दिसले, एवढ्याने औषध सिद्ध होत नाही. तो परिणाम अर्क काढण्यासाठी वापरलेल्या अल्कोहोलचा नाही ना, हे आधी पाहावे लागते. मग जंतूंची वाढ रोखणारी किमान मात्रा मोजायची आणि तीच मात्रा माणसाच्या पेशींना सोसते का, हे तपासायचे. जंतू आणि पेशी एकाच मात्रेत मरत असतील, तर ते पोटात घेण्याजोगे औषध नव्हे. त्याहीआधी वनस्पती नेमकी ओळखावी लागते, कारण आवेवर वापरल्या जाणाऱ्या पांढऱ्या कुड्याच्या सालीत काळ्या कुड्याची भेसळ सर्रास होते.

मार्ग सरळ आहे: सूक्ष्मजीवशास्त्र किंवा वनस्पतिशास्त्र घेऊन बी.एस्सी., मग गोवा विद्यापीठातून एम.एस्सी., आणि संशोधनासाठी नेट किंवा गेट ही पात्रता परीक्षा.

मुलीलाही स्पष्ट सांगतो, की रसायनशास्त्र टाळून हे काम होणार नाही. अर्कातील नेमके कोणते द्रव्य परिणाम घडवते, हे तिथेच उलगडते, आणि त्यात वर्षे जातात. एवढा धीर नसेल, तर वेर्णा औद्योगिक वसाहतीतील औषध कारखान्यांच्या गुणवत्ता नियंत्रण प्रयोगशाळांत हेच सूक्ष्मजीवशास्त्र उपयोगी पडते आणि नोकरीही लवकर मिळते. दोन्ही कामे सन्मानाची आहेत. यापैकी काय निवडायचे, ते तिने ठरवावे, आणि पुढचे पत्रही तिनेच लिहावे. तोवर आजी साल कोणत्या झाडाची, कोणत्या ऋतूत काढते, काढा किती आटवते आणि कोणाला देत नाही, हे तिने आजीच्या संमतीने आजीच्याच शब्दांत उतरवून घ्यावे. ‘कोणाला देत नाही’ याच्या उत्तरात विषारीपणाविषयीचा अनुभव बहुधा दडलेला असतो.