हाँगकाँगमध्ये दोघांच्या सहलीसाठी शनिवार-रविवार पुरतो का?

होय, पुरतो, मात्र मुक्काम कौलूनमधील चिम शा चुई भागात, बंदराच्या काठाजवळ ठेवावा. शहराचे खरे सौंदर्य या बंदराभोवतीच एकवटलेले आहे: हिरव्या-पांढऱ्या रंगाची स्टार फेरी ही प्रवासी बोट दहाएक मिनिटांत पलीकडच्या हाँगकाँग बेटावरील सेंट्रल भागात पोहोचते, तिच्या लाकडी बाकांची पाठ हव्या त्या दिशेला उलटवून दोघांना शेजारी बसून दिवे पाहता येतात आणि १८८८ साली सुरू झालेल्या, व्हिक्टोरिया पीक या डोंगरावर चढणाऱ्या पीक ट्रामचे स्थानकही तेथून पायी जाण्याजोगे आहे. ट्रामच्या रांगेत सूर्यास्ताच्या बरेच आधी उभे राहावे. लांटाऊ बेटावरील भव्य बुद्धमूर्तीसाठी अर्धा दिवस सहज जातो, म्हणून ती या खेपेस वगळणेच मला योग्य वाटते. जून ते सप्टेंबरमध्ये जाणार असाल, तर वादळाचा आठ क्रमांकाचा इशारा लागल्यास फेरी बंद होते, हे लक्षात ठेवावे.