स्कॉटिश धर्मसुधारक जॉन नॉक्सनंतर एडिनबराच्या सेंट जाइल्स मंडळीत पाळक (चर्चचे धर्मगुरू) कोण झाले आणि त्यांचं पुढे काय झालं?

नॉक्सच्या जागी 1572 मध्ये जेम्स लॉसन आले, आणि त्यांचा शेवट परागंदा अवस्थेत लंडनला झाला. त्यांना नॉक्सनेच ॲबर्डीनहून बोलावलं होतं. नॉक्सचा आवाज तेव्हा इतका क्षीण झाला होता की भरल्या चर्चमध्ये तो ऐकूच जात नसे. 9 नोव्हेंबरला त्याने लॉसनना पदावर बसवलं आणि 24 तारखेला नॉक्स वारला. 1584 मध्ये चर्च राजाच्या अधिकाराखाली आणणारे कायदे झाले. लॉसननी व्यासपीठावरून उघड विरोध केला, इंग्लंडला पळावं लागलं, आणि त्याच वर्षी ते वारले. पुढचं मोठं नाव रॉबर्ट ब्रूस, 1587 पासून. 1590 मध्ये स्कॉटलंडचा राजा सहावा जेम्स याची राणी ॲन हिचा अभिषेक त्यांनीच केला. पण 1600 मध्ये आपल्या खुनाचा कट झाल्याचं सहावा जेम्स सांगत होता, ते खरं मानून ग्वाही द्यायला ब्रूसनी नकार दिला. एडिनबराचं पाळकपद कायमचं सुटलं, पुढे इन्व्हरनेसला हद्दपारीही वाट्याला आली. माझ्या मते या सगळ्यांत सर्वांत जास्त किंमत त्यांनीच मोजली.

मात्र ही एकामागून एक अशी सरळ ओळ समजू नका. सेंट जाइल्समध्ये एका वेळी एकाहून अधिक पाळक असत. खुद्द नॉक्सबरोबर जॉन क्रेग होते.