घर विकून परदेशी चाललात? आधी तारखा बघा

या महिन्यात आलेल्या पत्रांत निम्म्याहून जास्त एकाच विषयाची आहेत, देश सोडतोय, घर विकतोय, पैशांचं काय करू. सगळ्यांचा पहिला प्रश्न "टॅक्स किती टक्के" हाच असतो. टक्के कळतील हो, पण त्याआधी तुम्ही कुठल्या तारखेला निघताय आणि घर कुठल्या तारखेला विकताय ते सांगा, कारण खरा पैसा तिथे जातो किंवा वाचतो. आणखी एक, 1 एप्रिल 2026 पासून 1961 च्या कायद्याच्या जागी 2025 चा नवा आयकर कायदा आलाय, कलमांचे आणि फॉर्मचे नंबर बदललेत, म्हणून मी नंबर कमीच वापरणार आहे आणि जिथे वापरीन तिथे लोकांच्या तोंडात बसलेला जुना नंबर.

प्रश्न: आम्ही नवरा-बायको पुण्यात राहतो, कॅनडाचा पीआर मिळालाय. मिस्टरांना तिकडे ऑफर लेटर आहे, मला अजून नोकरी नाही. जुलैमध्ये निघायचंय. वाकडचा फ्लॅट दोघांच्या नावावर अर्धा-अर्धा आहे, 2011-12 मध्ये 40 लाखांना घेतलेला, आता 1 कोटी 20 लाखांना गिऱ्हाईक आहे. ब्रोकर म्हणतो जायच्या आधी विकून टाका म्हणजे एनआरआयची भानगडच नको. बरोबर आहे का?

उत्तर: ब्रोकर अर्धं बरोबर सांगतोय, आणि ते अर्धं बरोबरच महागात पडतं. आयकरात तुम्ही रेसिडेंट की नॉन-रेसिडेंट हे विक्रीच्या दिवशी ठरत नाही, अख्ख्या आर्थिक वर्षाचं एकदम ठरतं. जो भारतीय नागरिक नोकरीसाठी बाहेर जातो तो त्या वर्षी भारतात 182 दिवस भरले तर रेसिडेंट, नाहीतर 1 एप्रिलपासूनच नॉन-रेसिडेंट. म्हणजे मिस्टर जुलैत निघाले तर मे महिन्यात पुण्यात बसून, स्वतः सही करून विकलेला फ्लॅटसुद्धा एका नॉन-रेसिडेंटने विकलेला धरला जाणार. आपल्याकडे वर्षाचे दोन तुकडे करून आधीचा भाग रेसिडेंट आणि नंतरचा नॉन-रेसिडेंट असं करायची सोय नाही.

आता यात पैशाचा फरक कुठे आला? 23 जुलै 2024 पासून घराच्या लाँग टर्म गेनवर (काही वर्षं ठेवून विकलेल्या घराच्या नफ्यावर) इंडेक्सेशनशिवाय, म्हणजे खरेदीची किंमत महागाईप्रमाणे वाढवून न धरता, 12.5 टक्के टॅक्स आहे. त्यावरून आरडाओरडा झाला म्हणून सरकारने मागून एक सवलत दिली, की त्या तारखेच्या आधी घेतलेल्या घराला जुन्या पद्धतीने, म्हणजे इंडेक्सेशन लावून 20 टक्क्याने टॅक्स कमी येत असेल तर तेवढाच भरा. पण ही सवलत फक्त रेसिडेंट व्यक्ती आणि एचयूएफला (हिंदू अविभक्त कुटुंबाला) आहे, एनआरआयला नाही! तुमचंच उदाहरण घ्या आणि विक्री 2025-26 मध्ये झाली असं धरा. साध्या हिशोबाने नफा 80 लाख, त्याचे 12.5 टक्के म्हणजे 10 लाख. इंडेक्सेशनने 40 लाखांची किंमत 2011-12 च्या 184 या सरकारी महागाई इंडेक्सवरून 2025-26 च्या 376 वर नेली की साधारण 81 लाख 74 हजार होते, नफा उरला 38 लाख 26 हजार, 20 टक्के म्हणजे 7 लाख 65 हजार. सरचार्ज, सेस (टॅक्सवर बसणारे जादा कर) बाजूला ठेवला तरी सव्वादोन लाखांच्या वर फरक आहे, फक्त विमानाच्या तिकिटावरच्या तारखेमुळे.

मग करायचं काय, तर शक्य असेल तर व्यवहार निघायच्या आधीच्या 31 मार्चच्या आत उरका, किंवा निघायची तारीख सप्टेंबर संपेपर्यंत पुढे ढकला, 1 एप्रिलपासून मोजलं तर 29 सप्टेंबरला 182 दिवस पूर्ण होतात. कंपनी थांबत नसेल तर मग 12.5 टक्के धरून चाला. तुमची स्वतःची गोष्ट मजेशीर आहे, 182 दिवसांची ढील नोकरीसाठी जाणाऱ्याला आहे, तुम्ही नोकरीसाठी जात नाही आहात, त्यामुळे कायद्याच्या अक्षरावर गेलं तर तुम्हाला त्या वर्षी भारतात 60 दिवस भरले तरी रेसिडेंट, हा नियम लागतो (आणि आधीच्या चार वर्षांत 365 दिवस, ते तर भरलेलेच आहेत). म्हणजे एकाच फ्लॅटचा अर्धा मालक नॉन-रेसिडेंट आणि अर्धी मालकीण रेसिडेंट असं होऊ शकतं आणि तुमच्या अर्ध्याला इंडेक्सेशन मिळू शकतं. रिटर्न भरताना हे तुमच्या सीएला मुद्दाम दाखवा, घाईत दोघांनाही एनआरआय टाकून मोकळे होतात.

कॅनडात घर घेतलं तर इकडचा टॅक्स वाचेल का, असंही तुम्ही शेवटी विचारलंय. नाही वाचणार. कलम 54 ची, म्हणजे नफ्यातून दुसरं घर घेतल्याची, सूट भारतातल्याच घराला आहे. दुसरा रस्ता नफा 54 ईसी कलमाच्या बाँडमध्ये गुंतवायचा, विक्रीपासून सहा महिन्यांत, माणशी 50 लाखांपर्यंत, एनआरआयलाही चालतो. तुमचा नफा माणशी 40 लाख, म्हणजे सगळा टॅक्स माफ होऊ शकतो. पण पैसे पाच वर्षं अडकणार, व्याज बेताचं आणि त्यावर टॅक्स वेगळा, आणि तिकडे डाऊन पेमेंटला तुम्हाला हेच पैसे लागणार. मी तुमच्या जागी असते तर टॅक्स भरून मोकळी झाले असते.

आणि समजा गिऱ्हाईक पळालं, फ्लॅट विकायचा राहिलाच, तरी जीव टाकू नका. कॅनडात तुम्ही टॅक्स रेसिडेंट होता त्या दिवशीच्या बाजारभावाने तुम्ही हा फ्लॅट घेतला असं तिथला कायदा धरतो, त्यामुळे आधीच्या वाढीवर तिकडे टॅक्स नाही. फक्त त्या तारखेच्या आसपासचं सरकारमान्य व्हॅल्युअरचं सर्टिफिकेट काढून ठेवा. तिकडून मागावं लागलं तर नाकी नऊ येतात.

प्रश्न: मी न्यू जर्सीत एच-वन-बीवर आहे, ठाण्याचा फ्लॅट सोडून अडीच वर्षं झाली, मध्ये भाड्याने दिला नाही. 2012 मध्ये 60 लाखांना घेतलेला, आता 1 कोटी 10 लाख येतायत. खरेदीदार म्हणतो 16 लाखांच्या वर टीडीएस कापणार! लुटतोय का? आणि अमेरिकेत परत टॅक्स बसणार का?

उत्तर: लुटत नाहीये, घाबरलाय बिचारा. रेसिडेंटकडून घर घेतलं तर 50 लाख आणि वर 1 टक्का टीडीएस (पैसे देतानाच कापायचा टॅक्स), पण विकणारा एनआरआय असला की 12.5 टक्के अधिक सरचार्ज अधिक सेस, आणि एक कोटीच्या वर ते 14.95 टक्क्यांवर जातं. खरं तर टॅक्स नफ्यावर आहे, पण नफा किती ते खरेदीदाराने ठरवायचं नसतं, त्यामुळे तो आणि त्याची लोनवाली बँक अख्ख्या किमतीवर कापून मोकळे होतात. 1 कोटी 10 लाखांवर ते 16 लाख 44 हजार होतात. तुमचा नफा 50 लाख, खरा टॅक्स सेस धरून साडेसहा लाखांच्या आसपास. उरलेले दहा लाख रिटर्न भरून रिफंडात परत येतील, पण कधी येतील त्याची वाट बघत बसायचं.

यावर उपाय आहे, लोअर टीडीएस सर्टिफिकेट. जुना फॉर्म 13 म्हणतात तो अर्ज, इंटरनॅशनल टॅक्सेशनच्या अधिकाऱ्याकडे ऑनलाइन करायचा, खरेदीचं अॅग्रीमेंट, विक्रीचा ड्राफ्ट, नफ्याचा हिशोब जोडायचा, मग तो अधिकारी किती कापायचं ते ठरवून देतो. याला काही आठवडे लागतात म्हणून टोकन घ्यायच्या वेळीच खरेदीदाराला स्पष्ट सांगा की सर्टिफिकेट आल्यावरच मोठा हप्ता घेईन. आधी पैसे घेतले आणि मग अर्ज केला तर उपयोग शून्य. वडिलांना पॉवर ऑफ अॅटर्नी देणार असाल तर ती तिकडे कॉन्सुलेटमधून अटेस्ट करून घ्या आणि भारतात पोचल्यापासून तीन महिन्यांत इकडे तिच्यावर स्टँप ड्युटी भरा, हे राहिलं की रजिस्ट्रारच्या ऑफिसात ऐनवेळी सगळे एकमेकांची तोंडं बघतात.

आता अमेरिका. कॅनडासारखं नाही, तिथे तुमची मूळ खरेदीची किंमतच धरतात, आलात त्या दिवसाची नाही. पण दोन गोष्टी तुमच्या बाजूने आहेत. एक, हिशोब डॉलरमध्ये होतो, खरेदीची किंमत खरेदीच्या दिवशीच्या रेटने आणि विक्रीची विक्रीच्या दिवशीच्या. समजा तेव्हा डॉलर 54 ला होता आणि विकताना 86 ला, तर 60 लाख म्हणजे 1 लाख 11 हजार डॉलर आणि 1 कोटी 10 लाख म्हणजे 1 लाख 28 हजार डॉलर. रुपयात 50 लाखांचा नफा, डॉलरमध्ये जेमतेम 17 हजार! रुपया पडल्याचं दुःख करत असाल तर इथे थोडं हसून घ्या. दुसरी गोष्ट, विक्रीच्या आधीच्या पाच वर्षांत दोन वर्षं तुम्ही त्या घरात स्वतः राहिलेले असाल तर अडीच लाख डॉलरपर्यंतचा नफा माफ आहे, नवरा-बायको एकत्र रिटर्न भरत असाल तर पाच लाख, आणि घर परदेशात असलं तरी चालतं. तुमची अडीच वर्षं झाली म्हणजे हातात साधारण सहा महिने आहेत, तीन वर्षांच्या पुढे गेलात की ही सूट गेली. लोअर टीडीएसला लागणारा वेळ यातूनच जाणार आहे, तेव्हा भावासाठी फार ताणू नका.

विक्रीचे पैसे एनआरओ खात्यात (एनआरआयच्या भारतातल्या रुपयांच्या खात्यात) येतील, आणि अमेरिकेबाहेरच्या खात्यांची बेरीज वर्षात एकदाही 10 हजार डॉलरच्या वर गेली की एफबार, म्हणजे या खात्यांची माहिती अमेरिकी सरकारला द्यायचा फॉर्म, भरावा लागतो. टॅक्स नाहीये तो, नुसती माहिती आहे, पण न भरल्याचा दंड जबर असतो. एनआरओमधून आर्थिक वर्षाला दहा लाख डॉलरपर्यंत बाहेर नेता येतात, त्यासाठी सीएचं सर्टिफिकेट आणि फॉर्म लागतो, लोक 15 सीए-15 सीबी म्हणतात ते.

प्रश्न: नाशिकहून जर्मनीला चाललोय. घर नाही, पण एफडी, पीपीएफ, म्युच्युअल फंड आणि मुलीचं सुकन्या खातं आहे. सगळं मोडून घेऊन जाऊ का?

उत्तर: सगळं नका मोडू. सेव्हिंग खातं एनआरओ करून घ्या, फेमा, म्हणजे परकीय चलनाच्या कायद्याप्रमाणे ते करायलाच लागतं आणि बँकेला कोण सांगतंय म्हणून गप्प बसणारे नंतर अडकतात. एफडी मुदतीपर्यंत चालू राहू शकते, पण एनआरओच्या व्याजावर 30 टक्के आणि सेस कापतात. जर्मनीशी दुहेरी टॅक्स टाळायचा करार आहे, तिथलं टॅक्स रेसिडेन्सी सर्टिफिकेट दिलंत तर ते 10 टक्क्यांवर येतं. पीपीएफ मुदत संपेपर्यंत चालू ठेवा, पैसेही भरता येतात, फक्त पुढे एक्स्टेंड करता येत नाही. सुकन्या मात्र मुलगी नॉन-रेसिडेंट झाली की बंद करावं लागतं. म्युच्युअल फंडात केवायसी बदलून एनआरआय करा. (अमेरिकेला जाणाऱ्यांनी मात्र भारतीय म्युच्युअल फंड निघायच्या आधी विकायचा गंभीरपणे विचार करावा, तिथे त्याला पीएफआयसी (परदेशी निष्क्रिय गुंतवणूक कंपनी) म्हणतात आणि टॅक्स आणि कागदपत्रं दोन्ही जीव खातात.)

आणि पैसे पाठवायची घाई करू नका. आत्ता रेसिडेंट असताना एलआरएसमधून (रेसिडेंटनी बाहेर पैसे पाठवायच्या रिझर्व्ह बँकेच्या योजनेतून) वर्षाला अडीच लाख डॉलर पाठवता येतात, पण 10 लाख रुपयांच्या वरच्या रकमेवर बँक 20 टक्के टीसीएस, म्हणजे पैसे पाठवतानाच आगाऊ टॅक्स, घेते. तो रिटर्नमध्ये परत मिळतो, खर्च नाही तो, पण तोवर अडकतो. तेच पैसे तिकडे गेल्यावर एनआरओमधून पाठवले तर एलआरएस नाही, म्हणून टीसीएसही नाही. पहिल्या तीन-चार महिन्यांच्या खर्चापुरतं आत्ता न्या, बाकीचं नंतर.

प्रश्न: देश सोडण्याआधी इन्कम टॅक्सचं क्लिअरन्स सर्टिफिकेट घेतल्याशिवाय एअरपोर्टवर सोडत नाहीत म्हणे?

उत्तर: सोडतात. 2024 च्या बजेटनंतर ही अफवा व्हॉट्सअॅपवर फिरली, ऑगस्टमध्ये सीबीडीटीने (आयकर खात्याच्या वरच्या मंडळाने) खुलासा केला. गंभीर आर्थिक गैरव्यवहारात नाव असेल किंवा 10 लाखांच्या वर थकबाकी असेल आणि तिला स्थगिती नसेल, तरच ते मागू शकतात.

प्रश्न: आम्ही मडगावचे. नवरा पोर्तुगीज पासपोर्टवर यूकेला गेला, मी अजून गोव्यातच आहे, मुलांच्या शाळेमुळे. घर नवऱ्याच्या एकट्याच्या नावावर आहे. विकलं तर सगळा टॅक्स एनआरआय म्हणूनच का?

उत्तर: नाही, आणि गोव्याबाहेरच्या सीएला हे बऱ्याचदा माहीतच नसतं. गोव्यात पोर्तुगीज सिव्हिल कोडप्रमाणे नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक धरतात, आणि जुन्या कायद्याच्या कलम 5 ए प्रमाणे पगार सोडून बाकी उत्पन्न दोघांत अर्धं-अर्धं वाटायचं, त्यात कॅपिटल गेनही आला, घर कोणाच्याही नावावर असो. लग्नाआधी वेगळा करार केलेला नसेल तर अर्धा नफा तुमचा, आणि तुम्ही रेसिडेंट आहात, म्हणजे घर 23 जुलै 2024 च्या आधीचं असेल तर तुमच्या अर्ध्याला इंडेक्सेशनचा पर्यायही आहे. खरेदीदाराला मात्र कागदावर नवऱ्याचंच नाव दिसणार, म्हणून लोअर टीडीएसच्या अर्जातच 5 ए चा मुद्दा आणि लग्नाचं सर्टिफिकेट लावा. नवऱ्याने ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या लोकांचं) काढलं असेल तर घर विकायला अडचण नाही. कुळागर (सुपारी-नारळाची बाग) किंवा शेतजमीन सोबत असेल तर ती फक्त भारतात राहणाऱ्या भारतीय नागरिकालाच विकता येते, त्याचा दस्त वेगळा करा. यूकेमध्ये आधीची दहा वर्षं तो तिथला रेसिडेंट नसेल, तर एप्रिल 2025 पासूनच्या नव्या नियमात पहिली चार वर्षं परदेशी नफ्यावर सूट मागता येते, पण रिटर्नमध्ये मागावी लागते, आपोआप मिळत नाही. तो कुठल्या महिन्यात गेला ते पत्रात नाहीये, ते कळवा, मग पुढचं सांगते.